बालवीर पथकाचे वर्ष : मुलांवर टाकलेल्या विश्वासाचा इतिहास

बालवीर किंवा स्काउट हा शब्द उच्चारला की गळ्यातील स्कार्फ, हातातील काठी, दोरीच्या गाठी आणि प्रजासत्ताकदिनाचे संचलन एवढ्या गोष्टी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. क्वचित कोणाला डोंगरावरील सहल किंवा रात्रीची शेकोटी आठवते. या सर्व गोष्टी स्काउट जीवनात आहेतच. परंतु त्या तिचे बाह्यांग होत. तिचा गाभा निराळा आहे. सहा-आठ मुलांची एक लहान टोळी करावी, त्यांच्यातीलच एकाला नायक नेमावे आणि त्या नायकाला नावापुरते नव्हे, तर खरोखरच जबाबदार धरावे, हा तो गाभा. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती दुसऱ्या सात मुलांची काळजी सोपविण्यास मोठ्या माणसांना फार मोठे धैर्य लागते. हे धैर्य कोणी, केव्हा आणि कोणाविषयी दाखविले, आणि कोणाविषयी दाखविण्यास नकार दिला, याचा इतिहास म्हणजेच या चळवळीचा इतिहास होय. आपल्या देशापुरते पाहिले तर त्या इतिहासात पुण्यात स्थापन झालेल्या एका संस्थेचा वाटा मोठा आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत.

टोळीचा उगम

चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) हे ब्रिटिश सैन्यातील घोडदळाचे अधिकारी. त्यांची उमेदवारी हिंदुस्थानातच झाली. १८७६ साली ते लखनौच्या छावणीत दाखल झाले आणि पुढे १८९७ साली मेरठ येथे एका घोडदळ पलटणीचे प्रमुख म्हणून परत आले. तेथे त्यांनी टेहळणीचे शिक्षण देण्याची एक नवी रीत बसविली. शंभर शिपायांना एका ओळीत उभे करून हुकूम शिकविण्याऐवजी त्यांनी त्यांच्या लहान-लहान तुकड्या केल्या, प्रत्येक शिपायाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यास व स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्यास लावले, आणि जे कसोटीस उतरले त्यांना एक छोटेसे फुलाकृती चिन्ह दिले. स्काउट चिन्हातील त्रिदलाचे मूळ तेथे आहे. या अनुभवांवर आधारलेले त्यांचे टेहळणीविषयक लहान पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिले होते शिपायांसाठी. परंतु इंग्लंडातील शिक्षक आणि मुले ते वाचू लागली.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाला तोंड फुटले आणि माफेकिंग या गावाला २१७ दिवसांचा वेढा पडला. मोठी माणसे तटबंदीवर गुंतलेली असल्यामुळे निरोप पोचविणे, पहारा देणे अशी कामे गावातील मुलांच्या एका पथकाने केली. मुलांना खरे काम दिले तर ती खरोखर काम करतात, हा बोध बेडन-पॉवेल यांनी या वेढ्यातून घेतला.

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. त्यातील काही मुले उच्चभ्रू निवासी शाळांतील, तर काही जवळच्या गावांतील कष्टकरी घरांतील होती. ती सर्व मिसळून चार टोळ्या करण्यात आल्या. लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी ही त्यांची नावे. रोज रात्री एकेक टोळी आपला शिधा घेऊन मुख्य तळापासून दूर जाई, स्वतःचे अन्न स्वतः शिजवी आणि आपल्या नायकाच्या हाताखाली पहारा देई. पुढील वर्षी, १९०८ च्या जानेवारीपासून, ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक सहा पाक्षिक भागांत निघाले आणि कोणी सांगण्याआधीच ठिकठिकाणी मुलांनी आपापल्या टोळ्या जमविल्या. पथकातील मोठी माणसे नंतर आली. टोळी आधी जमली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे रोलंड फिलिप्स या तरुण कार्यकर्त्याने टोळीपद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहून तिला शास्त्राचे रूप दिले. ते स्वतः १९१६ साली सोमच्या रणभूमीवर कामी आले.

पायऱ्यांचा अर्थ

पुस्तकात मुलाच्या प्रगतीच्या पायऱ्याही आखून दिल्या होत्या. नवागत, द्वितीय श्रेणी आणि प्रथम श्रेणी अशा त्या तीन पायऱ्या. द्वितीय श्रेणीसाठी प्रथमोपचाराची ओळख, होकायंत्राच्या सोळा दिशा, दोनच काड्यांत चूल पेटविणे आणि एक मैल अंतर बारा मिनिटांत स्काउटच्या चालीने, म्हणजे काही पावले धावत व काही पावले चालत, काटणे अशा कसोट्या होत्या. निरीक्षणासाठी ‘किमचा खेळ’ होता. तबकातील वस्तू थोडा वेळ पाहावयाच्या, मग त्या झाकून आठवणीने त्यांची यादी करावयाची. हा खेळ रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीतून आला, आणि तिची भूमी हिंदुस्थानच. १९१६ साली धाकट्या मुलांसाठी जी शाखा निघाली, तिने तर किपलिंगचे मोगलीचे रान सगळेच उचलले. ते रान शिवनीचे. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातील.

प्रथम श्रेणीच्या कसोट्या अधिक कठीण होत्या. पन्नास यार्ड पोहणे, नकाशा वाचणे, स्वयंपाक करणे, अंतराचा अदमास घेणे, आणि सात मैल दूरच्या ठिकाणी जाऊन परत येऊन त्या प्रवासाचा वृत्तान्त लिहिणे. परंतु या यादीच्या अखेरीस एक अट होती आणि तीच सर्वांत अर्थपूर्ण होती. प्रथम श्रेणीचा उमेदवार स्वतः तयार केलेला एक नवागत बरोबर घेऊन आला पाहिजे. म्हणजे वरची पायरी गाठावयाची तर खालच्या पायरीवरील एकाला हात दिल्याखेरीज ती गाठता येत नसे. आपल्या शालेय परीक्षांत पहिला येणारा मुलगा इतरांना मागे टाकून पहिला येतो. येथे इतरांना पुढे आणल्याखेरीज पुढे जाता येत नव्हते. प्रगती आणि नेतृत्व या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, एवढे त्या अटीत सांगितले होते.

आपल्याकडे व्यायामशाळा आणि आखाडे यांची परंपरा जुनी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी वस्त्यांत ती विशेष जोमाने नांदली. तेथेही शिस्त होती, शरीरसंवर्धन होते, गुरूविषयी आदर होता. परंतु आखाड्यात अधिकार वस्तादाचा. शागिर्दाने सांगितलेले करावयाचे. बालवीर पथकात स्काउटमास्तर असतो, पण वर्षाचा कार्यक्रम, सहलीचे ठिकाण, एखाद्याच्या गैरवर्तनाचा निवाडा या गोष्टी टोळीनायकांच्या सभेत ठरवाव्यात अशी अपेक्षा असते. ‘कोर्ट ऑफ ऑनर’ हे त्या सभेचे नाव. मास्तर तेथे सल्ला देतो. बोलतात ती मुले. आपल्या परंपरेत जे नव्हते ते हे होते.

बंद दार

हिंदुस्थानातील पहिले स्काउट पथक १९०९ साली बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी काढले. लवकरच खडकी, जबलपूर अशा छावण्यांच्या गावीही पथके झाली. परंतु ही सर्व पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांची होती. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. कारण उघड होते. माग काढणे, इशाऱ्यांची भाषा, रात्रीची हालचाल, नकाशे आणि टोळीची एकजूट या विद्या हिंदी मुलांच्या हाती पडल्या तर उद्या ती क्रांतिकारक होतील, ही सरकारी गोटातील भीती. ज्या शिक्षणपद्धतीचा एक धागा मेरठच्या छावणीत कातला गेला, तीच या भूमीतील मुलांना नाकारली गेली. त्यातील विरोधाभास असा की, कलकत्त्याच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत तेथील एक अधिकारी जे. एस. विल्सन यांनी तेच ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ पाठ्यपुस्तक म्हणून लावले होते. हेच विल्सन पुढे चळवळीच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे प्रमुख झाले.

या नकारामागील प्रश्न केवळ राजकीय नव्हता. मुलावर विश्वास टाकावा की नाही, हा जो प्रश्न प्रत्येक बापापुढे असतो, तोच येथे राज्यकर्त्यांनी एका राष्ट्राविषयी विचारला आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले.

गोखल्यांच्या संस्थेचे ऋण

हे उत्तर न मानणारी माणसे देशात ठिकठिकाणी निघाली. १९१३ साली संयुक्त प्रांतातील शाहजहानपूर येथे पंडित श्रीराम वाजपेयी यांनी पुस्तक वाचून, कोणाचीही परवानगी न घेता, हिंदी मुलांचे पथक उभारले. मध्य प्रांतात नागपूरचे विधिज्ञ व्हिव्हियन बोस यांनी हे कार्य हाती घेतले. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ साली मद्रासला डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने ‘इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन’ काढली. तिच्या मुलांच्या डोक्याला साहेबी टोपीऐवजी फेटा होता आणि त्यांच्या तोंडी देशी गाणी होती. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांच्या प्रयत्नांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभी राहिली.

या नावांपैकी कुंझरू आणि वाजपेयी हे दोघेही भारत सेवक समाजाचे, म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’चे सदस्य. राष्ट्रसेवा ही सणावाराला करावयाची गोष्ट नसून तिच्यासाठी वर्षानुवर्षे शिक्षण घेतलेली माणसे लागतात, हा गोखल्यांचा आग्रह होता. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात समाजाने स्वयंसेवक पाठविले. त्यांचे प्रमुख कुंझरूच होते आणि त्यांच्या मदतीला दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेल्या गांधीजींची फिनिक्स येथील मंडळी गेली होती. लाखो यात्रेकरूंच्या गर्दीत स्वच्छता राखणे, हरवलेल्यांना मार्ग दाखविणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही कामे उत्साहाने नव्हे, तर सरावाने होतात. असा सराव लहानपणीच झाला तर काय होईल, याचे उत्तर कुंझरूंना बालवीर पथकात सापडले असावे. ब्राउनसी बेटावरील खेळाला त्यांनी मेळ्यातील सेवेची जोड दिली. इंग्रजी स्काउटिंगमध्ये रोज एक सत्कृत्य करण्याचा नेम आहे. सेवा समितीच्या पथकांत त्या नेमाला संघटित सेवेचे रूप आले. पुण्यातील एका नेमस्त संस्थेने उत्तरेकडील एका चळवळीला आपली माणसे दिली, हा प्रवाह आपल्यासारख्या, घर एका मुलखात आणि कर्म दुसऱ्या मुलखात असलेल्या कुटुंबांना परका वाटू नये.

मतभेद आणि मीलन

१९२१ च्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या निमंत्रणावरून बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले. देशी पथके पाहिल्यावर हिंदी मुलांना दार बंद ठेवणे अशक्य झाले. बेझंटबाईंची संघटना मुख्य संघटनेत विलीन झाली. सेवा समितीने मात्र आपले स्वतंत्र अस्तित्व टिकविले. १९३७ साली दिल्लीस पहिला अखिल भारतीय जांबोरी मेळावा भरला आणि त्यासाठी वृद्ध बेडन-पॉवेल पुन्हा आले. त्याच सुमारास हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. अनेकांनी मूळ संघटना सोडली आणि १९३८ साली ‘हिंदुस्तान स्काउट असोसिएशन’ स्थापन झाली. ज्याने मुलांवर विश्वास टाकण्याची पद्धत जगाला दिली, त्यालाच एका देशाच्या माणसांवर पुरता विश्वास टाकता आला नाही. परंतु येथील कार्यकर्त्यांचा विवेक असा की, त्यांनी माणसाची मर्यादा आणि पद्धतीचे मोल यांची गल्लत केली नाही. नव्या संघटनेने टोळी सोडली नाही, टोळीनायक सोडला नाही, पायऱ्या सोडल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पकवासा, कुंझरू आणि न्या. बोस यांच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी प्रमुख संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स’चा जन्म झाला. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटना तीत आली आणि आजचे ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ हे नाव रूढ झाले. कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त होते. सातपुड्याच्या माथ्यावरील पचमढी येथे तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. १९६६ साली पुण्यात ‘संगम’ हे गाइड चळवळीचे जागतिक केंद्र सुरू झाले.

पथकाचे एक वर्ष

हा इतिहास घडत असता पथकाचे वर्ष मात्र आपल्या गतीने, ऋतुमानाप्रमाणे चालत राहिले. शाळा उघडली की नवी मुले येतात आणि ‘प्रवेश’ या पायरीची तयारी करतात. वचन, नियम, ध्येयवाक्य, खूण, डाव्या हाताचे हस्तांदोलन एवढे शिकले की दीक्षाविधी होतो. मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि अखेरीस राष्ट्रपती स्काउट, अशी चढण आहे. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो. तेव्हा व्हरांड्यात गाठी, जखमेवरील पट्ट्या, शिट्टीचे व हातांचे इशारे, नकाशाच्या खुणा यांचा सराव चालतो. नवागताला चपटी गाठ शिकविणारा मास्तर नसतो. त्याच्याहून वर्षभराने मोठा असलेला टोळीतील मुलगा असतो.

पाऊस ओसरला की गावाबाहेरच्या पायी सहली सुरू होतात. एक टोळी पुढे जाऊन दगड, फांद्या आणि खडूचे बाण यांच्या खुणा मागे ठेवते आणि दुसरी त्यांवरून माग काढते. कोठे पाणी मिळेल, कोणाची चप्पल तुटली, कोण मागे पडला हे नायकाने पाहावयाचे. पुस्तकातील इंग्रज मुलाने पाव पौंड मांस आणि दोन बटाटे शिजवावयाचे होते. आपल्याकडे त्या कसोटीला बिनभांड्यांच्या स्वयंपाकाचे रूप आले. माळव्यात तर ती अडचण नव्हतीच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाटी भाजणाऱ्या घरातील मुलाला ही कसोटी आजीच्या चुलीजवळच पास करता येते.

हिवाळ्यात तंबूंचे शिबिर भरते. पाणी, सरपण, स्वयंपाक आणि स्वच्छता ही कामे टोळ्यांकडे आळीपाळीने येतात. बांबू आणि दोर यांची मांडणी करून मुले भांड्यांचा ओटा, जोड्यांचा ठेवा, प्रवेशद्वार उभे करतात. सकाळी तपासणी, दुपारी खेळ, रात्री शेकोटी. भात करपला तर टोळी करपलेला भात खाते. दुसरा कोणी येऊन पोळ्या वाढीत नाही. त्या करपलेल्या भातातून नायकाला जे कळते ते व्याख्यानातून कळत नाही. प्रजासत्ताकदिन होतो, बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिनी, २२ फेब्रुवारीस, चिंतनदिन होतो, आणि वार्षिक परीक्षा जवळ आल्या की नायकांची सभा बसून पुढील वर्षी टोळी कोणाच्या हाती द्यावयाची ते ठरते.

आपल्या गावांच्या संदर्भात या टोळीला आणखी एक अर्थ आहे. आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू वा कोकणी असा दुहेरी संसार केला. सहल, चूल आणि तंबू यांत सामायिक असलेली आठ जणांची टोळी ही त्या दोहोंमधील जागा होय. तेथे मुलगा आपले घर सोडीत नाही आणि गावालाही परका राहत नाही.

आजचा प्रश्न

आज दार कोणालाही बंद नाही. राष्ट्रपती स्काउटच्या प्रमाणपत्राला मोल आहे. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइडसाठी राखीव जागाही असतात. परंतु प्रमाणपत्राचे मोल वाढले की पायरी टोळीपासून सुटते. मुलगा एकटा नोंदवही भरतो, एकटा परीक्षेस बसतो, एकटा वर चढतो. स्वतः घडविलेला नवागत बरोबर आणण्याची ती जुनी अट कागदावर वा स्मरणात उरते. दुसरीकडे पालकांची भीती आहे आणि ती निष्कारण नाही. रस्ते धोक्याचे झाले, नद्या गढूळ झाल्या, शाळांवर जबाबदारीचे ओझे आले. त्यामुळे सहलीचे ठिकाण शिक्षक ठरवितात, शिबिरातील स्वयंपाक आचारी करतो आणि टोळीनायक संचलनात पुढे चालण्यापुरता उरतो. सुरक्षिततेची काळजी घ्यावी यात दुमत नाही. तंबू कोठे ठोकावा हे जाणत्या माणसाने पाहिलेच पाहिजे. पण तंबूत काय करावे हेही तोच ठरवू लागला, तर मुलांपाशी स्कार्फ आणि काठी उरते.

शतकापूर्वी परक्या सत्तेने आपल्या मुलांवर विश्वास टाकण्यास नकार दिला, तेव्हा वाजपेयी-कुंझरूंनी त्याला कृतीने उत्तर दिले. आज तोच नकार आपण स्वतः, प्रेमापोटी, देत आहोत. आपल्या मंडळांनी चालविलेल्या अनेक शाळा या शहरांत अजून उभ्या आहेत. ज्यांच्याकडे पथक आहे त्यांनी एवढे पाहावे की वर्षातून निदान एका सहलीचे ठिकाण, शिधा आणि कामांची वाटणी टोळीनायकांच्या सभेत ठरते की नाही. आणि घरातील मुलगा किंवा मुलगी पथकात असेल, तर पुढच्या वेळी कोणता बिल्ला मिळाला हे विचारण्याआधी, टोळीतील नव्या मुलाला काय शिकविलेस हे विचारावे.